भौतिकशास्त्र घेऊन काय करणार?

भाचीला बी.एस्सी.ला फिजिक्स घ्यायचंय म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला, "त्याचा उपयोग काय?" मामू म्हणून मी तिची बाजू घेतली आणि उदाहरण दिलं जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या सीएमएस यंत्राचं.

या यंत्राच्या पोटात, कणांच्या टकरी होतात तिथून जेमतेम तीन सेंटिमीटरवर, सिलिकॉनच्या पिक्सेल सेन्सरांचा पहिला थर आहे. 2017 साली बसवलेल्या संचात सुमारे 12 कोटी 40 लाख पिक्सेल. प्रत्येकाचं माप 100 बाय 150 मायक्रॉन. विद्युतभारित कण सिलिकॉनमधून गेला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तो नेमका कुठून गेला ते कळतं. काही कण जन्मल्यावर जेमतेम काही मिलिमीटर जाऊन फुटतात. ती जागा शोधायची तर एवढीच बारीक जाळी लागते.

मला मात्र भुरळ पडते जोडकामाची. प्रत्येक पिक्सेल धातूच्या सूक्ष्म टिपक्याने खालच्या चिपला जोडलेला असतो. किरणोत्साराचा मारा खाऊन सगळ्यात आतला थर झिजतो, मग तो बदलायचा. हे नुसतं फळ्यावरचं गणित नाही, कारागिराचं काम आहे. आणि कारागिरी आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको! सीएमएसच्याच दुसऱ्या एका भागासाठी पट्ट्यांचे सिलिकॉन सेन्सर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सकडून घडवून घेतले होते.

नोकरीची काळजी खोटी नाही. संशोधनातल्या कायम जागा थोड्याच असतात. पण ही काळजी मुलाच्या वेळी एवढ्या जोरात कोणी बोलून दाखवली नव्हती, हेही मी त्या बैठकीत सांगितलं. प्रवेश अर्जाची मुदत शुक्रवारी संपते.