सही ज्याची, जोखीम त्याची

मुंब्र्याजवळ शिळफाटा येथें ता. ४ एप्रिल २०१३ रोजीं बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसें प्राणांस मुकलीं. अशा प्रसंगीं लोकांचा रोष बिल्डरावर होतो व तो यथायोग्यच असतो. परंतु खांबांचें व तुळयांचें गणित कोणीं केलें, देखरेख कोणाची होती, हे प्रश्न मागें पडतात.

कायदा याविषयीं अगदींच मुका नाहीं. १९७२ च्या कायद्यान्वयें गैरवर्तन करणाऱ्या वास्तुविशारदाचें नांव नोंदवहींतून काढतां येतें. परंतु हा कायदा पदवीचें रक्षण करतो, धंद्याचें नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. आणि इंजिनियरांचा तर त्यांत समावेशच नाहीं.

खरें वैगुण्य २०१६ च्या 'रेरा' कायद्यांत दिसतें. ग्राहकांच्या पैशांपैकीं ७० टक्के रक्कम निराळ्या खात्यांत राहते व ती इंजिनियर, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांच्या दाखल्यावांचून निघत नाहीं. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत रचनेंत दोष निघाल्यास तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याचा भार मात्र बिल्डरावरच आहे. म्हणजे ज्यांच्या सहीनें तिजोरी उघडते, त्यांच्यावर या कलमानें कांहींच बोजा पडत नाहीं! घर घेणाराचा त्यांच्याशीं करार नसतो. त्यांस धरावयाचें तर त्यांची हयगय त्यानेंच शाबीत केली पाहिजे.

फ्रान्सनें १८०४ च्या दिवाणी कायद्यांतच वास्तुविशारद व ठेकेदार यांजवर १० वर्षांची जबाबदारी घातली, आणि १९७८ सालीं त्या जबाबदारीचा विमा सक्तीचा केला.

यावर कोणी म्हणतील कीं, असें केल्यास या लोकांचें शुल्क वाढेल. थोडें वाढेलही. परंतु माल जहाजावर चढवितांना विम्याचा हप्ता देणाऱ्या व्यापाऱ्यास त्याचा हिशेब समजावून सांगावयास नको. कोणाही धंदेवाईकाकडून सर्वज्ञतेची अपेक्षा नाहीं. त्या धंद्यांतील साधारण कुशल मनुष्य घेईल तेवढी काळजी त्यानें घ्यावी, इतकेंच न्यायालयें मागतात.

आमचें मागणें दोन कलमांचें आहे: रचनेंतील दोषाबद्दल सही करणारा तज्ज्ञ आपल्या कामापुरता बिल्डराबरोबर जबाबदार असावा, आणि त्याचा विमा सक्तीचा असावा. तोंपर्यंत घर घेणारांनीं वास्तुविशारद व रचना-इंजिनियर यांचीं नांवें विचारल्यावांचून बयाणा देऊं नये. तीं नांवें नोंदणीच्या वेळीं कळविणें बिल्डरास भाग आहे. हुंडीवर सही करणारा सावकार त्या रकमेस बांधला जातो. मग माणसांच्या डोक्यावरील छताच्या कागदावर सही करणारा मोकळा कां असावा?