अडवलेली पेनल्टी दिसली, जखम दिसली नाही

१० जुलै १९९९. कॅलिफोर्नियातलं रोज बोल स्टेडियम, नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षक. महिला फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिका आणि चीन दोघांनाही जादा वेळेपर्यंत गोल करता आला नाही. पेनल्टी शूटआउटमध्ये चीनच्या लिउ यिंगचा फटका अमेरिकेची गोलरक्षक ब्रियाना स्करी हिने झेपावून अडवला. त्यानंतर ब्रँडी चॅस्टेनने शेवटचा गोल मारला आणि तिचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. तो गोल निर्णायक ठरला तो ब्रियानाच्या झेपेमुळे, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिलं.

ब्रियाना मिनेसोटा राज्यातल्या डेटन या गावात वाढली. कृष्णवर्णीय कुटुंबं तिथे जवळपास नव्हतीच. बाराव्या वर्षी ती मुलांच्या संघात खेळायला गेली, तेव्हा प्रशिक्षकाने तिला गोलमध्ये उभं केलं. एकटी मुलगी, तिथे ती सुरक्षित राहील, हा त्याचा विचार. त्याच जागेवरून तिने १९९६ आणि २००४ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली, देशासाठी १७३ सामने खेळली.

आणि त्याच जागेवर २०१० मध्ये तिची कारकीर्द संपली. क्लबच्या सामन्यात खाली वाकून चेंडू उचलताना प्रतिस्पर्धी खेळाडूचा गुडघा तिच्या डोक्यावर आदळला. रक्त नाही, प्लास्टर नाही. पण त्यानंतर सततची डोकेदुखी, विस्मरण, नैराश्य आणि आयुष्य संपवण्याचे विचार. उपचारांच्या खर्चासाठी विमा कंपनीशी भांडावं लागलं. हाती पैसा उरला नाही, तेव्हा तिने दोन्ही सुवर्णपदकं गहाण टाकली. जिच्यासाठी स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं, तिच्यावर ही वेळ आली आणि देशाला पत्ताही नव्हता.

अखेर तिच्या बाजूने बोलणारी माणसं उभी राहिली आणि २०१३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. पदकं सोडवली गेली. २०१४ मध्ये तिने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे डोक्याच्या दुखापतींविषयी साक्ष दिली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल हॉल ऑफ फेमसाठी तिची निवड झाली. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

मित्र-मैत्रिणींनो, या कहाणीतला शेवटचा सन्मान मोठा आहेच, पण आपण मधल्या तीन वर्षांकडे पाहायला हवं. पाय मोडला की सगळा मोहल्ला भेटायला येतो. डोकं दुखतं, झोप लागत नाही, मन लागत नाही असं कुणी म्हटलं, की आपण म्हणतो, नाटक करते. मुलगी असेल तर आणखी एक वाक्य जोडलं जातं : कुणी सांगितलं होतं खेळायला? मग ती दुखणंही लपवते आणि खेळही सोडते.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या करूया. मैदानावर कुणाच्या डोक्याला मार लागला आणि चक्कर, मळमळ, गोंधळ जाणवला, तर त्या दिवशी तिने पुन्हा खेळायचं नाही. सामना हातातून गेला तरी चालेल, डॉक्टरांकडे जायचं. आणि खेळ थांबलेल्या मैत्रिणीला महिन्याभरानेही विचारायचं, कशी आहेस? ब्रियानाला वाचवलं ते अशाच उशिरा का होईना विचारणाऱ्यांनी. आपण उशीर का करायचा?