‘दोघं’ आणि ‘नपुंसक’ : मराठीच्या तिसऱ्या लिंगाविषयी

स्त्रीत्व, पुरुषत्व आणि लैंगिकता यांविषयीची समज भाषा घडविते, की भाषेत त्या समजुतीचे केवळ प्रतिबिंब पडते, हा वाद जुना आहे. रोमान याकबसन यांनी १९५९ मध्ये मांडलेला विचार या संदर्भात मोलाचा ठरतो. भाषाभाषांतील खरा भेद त्या काय बोलू देतात यात नसून काय बोलणे अनिवार्य करतात यात असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. फारशी, तुर्की किंवा बंगाली बोलणाऱ्याला स्वतःच्या येण्याजाण्याविषयी सांगताना आपण स्त्री की पुरुष हे उघड करावे लागत नाही. प्रमाण मराठीत मात्र ‘आलो’ आणि ‘आले’ यांतून एकाची निवड केल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. अर्थात हे बंधनही सर्वत्र सारखे नाही. कोल्हापूरकडील बोलीत स्त्रियाही सहजपणे ‘मी आलो’ म्हणतात.

हिंदीत न उरलेले तिसरे लिंग मराठी, कोकणी आणि गुजराती या भाषांनी राखले आहे. ते केवळ निर्जीव वस्तूंसाठी नाही. मूल, लेकरू, बाळ हे शब्द नपुंसकलिंगी आहेत. गोव्याच्या कोकणीत तरुण मुलीचा उल्लेखही ‘तें’ असा होतो. त्याहून लक्षणीय रूप बोलीत आढळते. पवन मावळात, तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या तिकोणा पेठेसारख्या गावीही, पुरुष असतील तर ‘दोघे’, बायका असतील तर ‘दोघी’, आणि नवराबायको असतील तर ‘दोघं’ आली, असे म्हटले जाते. म्हणजे येथे तिसरे लिंग कशाचाही अभाव सांगत नाही. ते उभयतांना सामावून घेते.

आपल्या व्याकरणाने मात्र या लिंगाला दिलेले नाव नकाराचे आहे. ‘नपुंसक’ म्हणजे जे पुरुष नव्हे ते. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ग्रंथापर्यंत ही संस्कृत परंपरेची परिभाषा चालत आली. तोच शब्द वैद्यकात व न्यायालयात षंढत्वासाठी आणि रस्त्यावर शिवी म्हणून वापरला जातो. शिवाय शरीराचा अवयव, जीवशास्त्रीय भेद आणि व्याकरणिक कोटी या तिन्हींसाठी आपल्याकडे ‘लिंग’ हा एकच शब्द आहे. स्त्री-अभ्यासाने ‘लिंगभाव’ हा शब्द रूढ केला तो ही गुंतागुंत सोडविण्यासाठीच. त्यात १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळल्याने ‘दोघे’ आणि ‘दोघें’ हा लेखी भेदही पुसला गेला. बोलीने जपलेली उभयता अशा रीतीने प्रमाण लेखनात दिसेनाशी झाली.

यावर असा आक्षेप संभवतो की, प्रौढ व्यक्तीला ‘ते आलं’ म्हणणे मराठीत तुच्छतादर्शक आहे. आक्षेप रास्त आहे, आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी नपुसंकलिंगी एकवचन योजावे असे मला सुचवायचे नाही. ‘तृतीयपंथी’ हा शब्दही आधी दोन मोजून मगच तिसऱ्याची गणना करतो. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या २०१२ मधील आत्मकथनाचे शीर्षक ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. एक पुल्लिंगी व एक स्त्रीलिंगी नाम एकाच ‘मी’शी जोडले आहे, आणि क्रियापद नाही. लिंगदर्शक क्रियापद आले असते तर निवड करावी लागली असती.

ही निवड कोणाची? पतंजलींनी महाभाष्यात स्तन, केश अशा शारीरिक खुणांनी व्याकरणातील लिंग ठरत नाही हे दाखवून दिले. लिंग लोकव्यवहारावर अवलंबून असल्याने ते शिकविण्याची गरज नाही, अशी भूमिका तेथे येते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला. एक विधान शब्दांविषयी आणि दुसरे माणसांविषयी आहे, त्यांची सरमिसळ करू नये. तरीही दोन्हींतून अभ्यासकाला मिळणारी शिकवण एकच आहे: वापरणाऱ्याचा वापर प्रमाण मानावा.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आपले विद्यार्थी जोगते, वाघ्या-मुरळी, तृतीयपंथी यांच्या मुलाखती घेऊन प्रबंध लिहितात. साडी नेसलेल्या जोगत्याने ‘मी गेले’ म्हटले असता प्रमाणलेखनाच्या नावाखाली त्याचे ‘गेलो’ करणे म्हणजे मुद्रणदोष सुधारणे नव्हे, साक्ष बदलणे होय. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मावळ-मुळशीपासून आरंभ करून जमविलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या आज अभ्यासासाठी उपलब्ध आहेत. लेकाला राघू आणि लेकीला मैना म्हणणाऱ्या त्या स्त्रिया ‘बाळ’ कोणाला म्हणतात, कोणते क्रियारूप कोठे योजतात, याचा तपशीलवार अभ्यास व्हायला हवा. व्याकरणाच्या तासाला ‘नपुंसकलिंग’ शिकवू तेव्हा फळ्यावर ‘फूल’ आणि ‘घर’ यांच्या शेजारी ‘दोघं’ हा शब्दही लिहावा. परिभाषा बदलण्यास वेळ लागेल. उदाहरण बदलण्यास कोणाच्याही अनुमतीची आवश्यकता नाही.