हवाई बेटांतील दिगंबर पाहुणे

प्रवासाच्या पुस्तकांतून व सचित्र मासिकांतून अलीकडे एक नवेंच तत्त्वज्ञान वाचावयास सांपडतें. हवाई बेटांत अमुक किनाऱ्यावर वस्त्र ऐच्छिक आहे, तमुक धबधब्यापाशीं तें काढून ठेविलें तरी कोणी हटकीत नाहीं. तेव्हां रसिक प्रवाशानें तेथें जावें, कपड्यांबरोबर सुधारणेचें ओझेंही वाळूवर टाकावें, आणि तेथील मूळ रहिवाशांप्रमाणें निसर्गाचें लेंकरूं व्हावें, असा त्याचा मथितार्थ. या तत्त्वज्ञानाचा थोडा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. नग्नता हें पाप आहे असें आमचें म्हणणें नाहीं. दिगंबर मुनींच्या व नागा साधूंच्या देशांत तें शोभणारही नाहीं. कै. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिकांतून नग्नतेचा उघड पुरस्कार केला. त्यांचीं सर्वच मतें आम्हांस मान्य आहेत असें नाहीं; परंतु तीं त्यांनीं आपल्या लोकांसमोर, आपल्या भाषेंत मांडिलीं, आणि अश्लीलतेच्या खटल्यांत दंड झाला तो स्वतः सोसला. हवाईच्या या नव्या दिगंबरपंथाचें तसें नाहीं. तेथें घर एकाचें आणि मोकळीक दुसऱ्याची, असा प्रकार आहे.

माउई बेटाच्या दक्षिणेस मकेना येथें पुउ ओलाइ नांवाची एक टेकडी आहे. तिच्या एका अंगास लांबरुंद किनारा; दुसऱ्या अंगास, खडक चढून गेल्यावर लागणारा, 'लिटल बीच' नांवाचा लहानसा किनारा. हाच या पंथाचा सर्वांत प्रसिद्ध मठ. दुसरा मठ हवाई नांवाच्या मोठ्या बेटावर, पुना भागांत केहेना येथें, १९५५ सालच्या लाव्ह्यामुळें बनलेल्या काळ्या वाळूवर. आतां गंमत अशी कीं, मकेना हें सरकारी उद्यान असून अशा उद्यानांत नग्नतेस नियमानें मनाई आहे. म्हणजे 'ऐच्छिक' हा शब्द कायद्याचा नसून वहिवाटीचा आहे. आणि ही वहिवाट पाडिली ती बाहेरून आलेल्यांनीं.

परंतु मूळचे हवाईवासी तरी नागवेच हिंडत असत ना, असें कोणी विचारील. हें विधानच अज्ञानाचें आहे. पोहतांना, लाटांवर खेळतांना ते वस्त्र बाजूस ठेवीत हें खरें. पण एरवीं पुरुष 'मालो' नेसत व स्त्रिया 'पाऊ' गुंडाळीत. 'वाउके' झाडाची साल भिजवून, कुटून, तिच्यावर सुरेख नक्षी उठवून 'कापा' नांवाचें वस्त्र करण्याची त्यांची कला पाहून प्रवासी थक्क होत. लज्जा कोठें असावी व कोठें नसावी याचे नियम त्या समाजापाशीं होते. ते आपल्यासारखे नव्हते, इतकेंच.

१८२० सालीं बोस्टनहून 'थॅडियस' जहाजांतून मिशनरी आले. जहाज बंदरास लागण्यापूर्वींच कालाकुआ या विधवा राणीसाठीं मिशनऱ्यांच्या बायकांनीं जहाजावर पांढरा झगा शिवून दिला. झगा राणीनें स्वतः मागितला होता हें आम्ही लपवीत नाहीं. पण राणीची जी हौस ती पुढें प्रजेच्या अंगावर धर्म म्हणून चढली. १८३० मध्यें हुला नृत्याच्या जाहीर प्रयोगांस बंदी झाली. राजा कालाकौआ यानें १८८३ च्या राज्याभिषेकांत हुलाला पुन्हां मानाचें स्थान दिलें, तेव्हां त्या गाण्यांची पत्रिका छापणाऱ्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. (कर्व्यांचे सहधर्मी असे दूरदूरच्या बेटांतही होते तर!) कापा कुटण्याची कला त्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ नामशेष झाली. तोंवर साथीच्या रोगांनीं लाखों माणसें नेलीं होतीं, जमीन साखरेच्या मळेवाल्यांच्या घशांत गेली होती, आणि १८९३ त राणी लिलिउओकलानी हिचें राज्यही गेलें. त्या कटांतील कित्येक पुढारी मिशनऱ्यांचेच पुत्रपौत्र होते.

ज्या समाजाचें वस्त्र असें उतरविलें आणि ज्याच्या अंगावर दुसरें असें चढविलें, त्याच्या किनाऱ्यावर त्याच सुधारणेचे वारस आज कपडे काढून पडतात आणि त्यास निसर्गाकडे परतणें म्हणतात! साधूचें दिगंबरत्व म्हणजे सर्वस्वाचा त्याग. यांचें सर्वस्व हॉटेलांत कुलपाखालीं सुरक्षित असतें. ऊन बाधूं नये म्हणून अंगास चोपडलेल्या तेलांचा उपद्रव तर असा कीं, प्रवाळास घातक ठरलेलीं दोन द्रव्यें असलेल्या मलमांच्या विक्रीस बंदी करणारा कायदा हवाईस २०१८ त करावा लागला.

लिटल बीचवर पहुडलेल्या या निसर्गपुत्रांच्या डोळ्यांसमोर, सामुद्रधुनीपलीकडे, काहोओलावे बेट दिसतें. मूळ रहिवासी त्यास पवित्र मानतात. १९४१ पासून १९९० पर्यंत अमेरिकन सैन्यानें त्याचा बाँबफेकीच्या सरावासाठीं उपयोग केला. १९७६ पासून हवाईचे तरुण मनाई मोडून त्या बेटावर उतरूं लागले. कित्येकांवर खटले झाले, आणि १९७७ त जॉर्ज हेल्म व किमो मिचेल हे दोघे त्या समुद्रांत कायमचे नाहींसे झाले. एका किनाऱ्यावर पाहुण्यानें नियम मोडला तर ती मौज, आणि समोरच्या किनाऱ्यावर घरच्या माणसानें आपल्याच भूमीवर पाऊल ठेविलें तर तो गुन्हा! वस्त्राच्या वादापेक्षां हा वाद आम्हांस मोठा वाटतो.

किनारा सर्वांचा आहे, त्यांत कोणाचें काय बिघडतें, हा युक्तिवाद नेहमींचाच आहे. हवाईंत किनारे कायद्यानेंच सार्वजनिक आहेत, हेंही खरें. पण जेथें परके नागवे पसरले आहेत तेथें आजीला व पोरांना घेऊन जाळें टाकावयास येणारें कुटुंब पाऊल ठेवील काय? गोव्यांत हणजुण्याच्या वाळूवर हिप्पी येऊं लागले तेव्हां तेथील रापणकाराला ही अडचण कोणी समजावून द्यावी लागली नसेल.

काउआई बेटावर हाएना येथें १९६९ पासून 'टेलर कँप' नांवाची वसाहत होती. नटी एलिझाबेथ टेलर हिच्या भावाच्या जागेवर झाडांत घरें बांधून मुख्य भूमीवरून आलेले तरुण तेथें राहत, आणि बहुधा विवस्त्र वावरत. सरकारनें जागा उद्यानासाठीं घेतली व १९७७ त तीं घरें जाळण्यांत आलीं. त्या दिवसांवर आजही हळहळणारे पुष्कळ आहेत. त्याच हाएनाला अळूचीं खाचरें करणाऱ्या जुन्या कुटुंबांविषयीं मात्र हे हळहळणारे क्वचितच बोलतात. तीं कुटुंबें स्वस्थ बसलीं नाहींत. २०१५ मध्यें तेथील मासेमारीचे नियम गांवकऱ्यांच्या पुढाकारानें ठरले. २०१८ च्या एप्रिलांत प्रचंड पावसानें रस्ता वाहून गेला. २०१९ च्या जूनमध्यें उद्यान पुन्हां उघडलें तें दिवसास ९०० पाहुण्यांची मर्यादा घालून. हवाईच्या रहिवाशांस मुक्तद्वार. बाहेरच्यानें आधीं नोंदणी करून पैसे भरावे. यास कोणी अनुदार म्हणोत. आमच्या वाचकांपैकीं कोणाचा तिकडे जाण्याचा योग आल्यास त्यानें ही नोंदणी घरून निघण्यापूर्वींच करावी. दारांत जाऊन ती मिळत नाहीं.