पिसोरी पिंजऱ्यात कशासाठी?

गावाकडून पाहुणे आले की त्यांना नेहरू प्राणी उद्यान दाखवायचे, हा आपल्या हैदराबादकर मराठी कुटुंबांचा जुना शिरस्ता. वाघ-सिंहांपुढे गर्दी असते; पिसोरीची चौकशी क्वचितच कोणी करते. जेमतेम फूटभर उंचीचे, अंगावर पांढरे ठिपके नि पट्टे असलेले, रात्री हिंडणारे हे लाजाळू जनावर. हरीण म्हणतात खरे, पण त्याचे कूळ वेगळे; नराला शिंगांऐवजी सुळे असतात.

२०१० मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण, सीसीएमबी आणि हे उद्यान यांनी मिळून पिसोरीचे प्रजनन केंद्र सुरू केले. संख्या वाढली आणि २०१७ मध्ये काही पिसोरी नल्लमलाच्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पात सोडल्या गेल्या. आपल्या शहरासाठी ही अभिमानाची गोष्ट आहे.

तरीही मुक्या जनावराला डांबायचे कशाला, हा आक्षेप आम्हाला उडवून लावता येत नाही. मोजक्या जोड्यांपासून वाढवलेल्या प्राण्यांत जवळच्या नात्यातली वीण होते आणि पिढ्या दुबळ्या होण्याची भीती असते. आयत्या चाऱ्यावर वाढलेल्या जिवाला जंगलात शत्रू ओळखणेही जड जाते.

मणिपूरच्या संगाईचे उदाहरण पाहा. १९७५ च्या हवाई पाहणीत फक्त १४ दिसले होते. आज संगाई देशातल्या अनेक प्राणिसंग्रहालयांत आहे. पण त्याचे घर म्हणजे लोकटाक सरोवरावर तरंगणारी फुमदी. १९८३ च्या इथाई बंधाऱ्यानंतर पाणी बाराही महिने चढते राहिले. उन्हाळ्यात तळाला टेकून पोषण घेणारी फुमदी पातळ होत गेली. प्राणिसंग्रहालय संगाई सांभाळेल, फुमदी कशी सांभाळणार?

उलट कान्हाचा बारशिंगा १९७० च्या सुमारास ६६ वर आला होता. तो वाचला जंगलातच, राखलेल्या कुरणांमुळे आणि कुंपणाच्या आतल्या संरक्षणामुळे. २०१५ मध्ये तेथून काही बारशिंगे सातपुड्यातही नेले गेले.

म्हणून आमचे मत असे: दुर्मीळ हरणांना प्राणिसंग्रहालयात ठेवावे, पण परतीची वाट आखूनच. सोडायला जंगल राखले आहे का आणि सोडलेल्यांवर पुढे लक्ष आहे का, हे विचारलेच पाहिजे. जंगल नसेल, तर ते प्रजनन केंद्र नुसते प्रदर्शन ठरते. पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल तेव्हा त्यांना पिसोरीची गोष्ट जरूर सांगा, आणि अमराबादचीही.