दुखऱ्या टाचेवर दोन यंत्रे

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकावे आणि टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यावी, हा अनुभव घेतलेले एखादे माणूस बहुतेक घरांत सापडेल. दिवसभर ओट्यापाशी उभी राहणारी गृहिणी, फळ्यापाशी उभे राहणारे शिक्षक, चाळिशीत अचानक धावण्याचा नाद लागलेले गृहस्थ. पूर्वी अशा टाचेला तापवलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून शेक देत. आज फिजिओथेरपीच्या दवाखान्यात 'लेसर आणि शॉकवेव्ह, दोन्ही एकत्र' असे पॅकेज पुढे येते. दोन यंत्रे म्हटली की दुप्पट गुण येणार, असे आपण मनाशी धरतोच. माझे भांडण यंत्रांशी नाही. ते त्या 'आणि'शी आहे.

दोन्ही यंत्रांची कुळे मोठी रंजक आहेत. बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तिथे लेसरचा मंद झोत सोडला. कर्करोग होतो का, हे त्यांना पाहायचे होते. कर्करोग झाला नाही, उलट केस लवकर उगवले! शॉकवेव्हचा जन्म तर विमानाच्या कारखान्यातला. वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळून काय होते, याचा अभ्यास जर्मनीची डॉर्निअर कंपनी करत होती. त्यातून दाबाच्या लहरींनी मूतखडा फोडण्याची कल्पना निघाली आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या रुग्णावर ती वापरली गेली. हाडे आणि स्नायूंकडे या लहरी वळल्या त्या नंतर. अमेरिकेत टाचदुखीसाठी अशा यंत्राला २००० साली मान्यता मिळाली. नावातल्या 'शॉक'ने घाबरू नये, यात विजेचा झटका नसतो. दवाखान्यांतून सर्रास दिसणाऱ्या 'रेडियल' यंत्रात तर दाबलेल्या हवेने एक छोटा धातूचा तुकडा नळीत पुढे फेकला जातो आणि तो टोकावर आदळतो. भाता आणि हातोडी म्हणा ना!

आता खरी गोम. टाचेपासून बोटांपर्यंत तळवा ताणून धरणारा जो जाड पट्टा असतो, तो जुन्या दुखण्यात झिजलेला असतो आणि त्याची दुरुस्ती रेंगाळलेली असते. शॉकवेव्ह त्याला मुद्दाम डिवचते, म्हणजे शरीर पुन्हा कामाला लागावे. म्हणूनच या उपचाराच्या काळात दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या टाळा, असे अनेक डॉक्टर सांगतात. लेसरचा दावा नेमका उलटा: पेशींना प्रकाशाची ऊर्जा मिळते, दाह शमतो, वेदना उतरते. मग एकाच बैठकीत आधी डिवचायचे आणि लगेच शांत करायचे, याचा मेळ कसा बसतो? 'ठोक्यांचा त्रास लेसरने सुसह्य होतो' हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. पण सुसह्य होणे वेगळे आणि लवकर बरे होणे वेगळे. जोडीने जास्त गुण येतो, असे छातीठोकपणे सांगावे इतका भक्कम पुरावा आज नाही. चाचण्या आहेत त्या लहान.

एकेकट्याचा हिशेबही जागेनुसार बदलतो. जुनाट मानदुखीत लेसरने वेदना कमी होते, असा निष्कर्ष 'लॅन्सेट'मधल्या २००९ च्या आढाव्याने काढला. खांद्याच्या कंडरांच्या दुखण्यात मात्र शॉकवेव्हचा म्हणावा तसा फायदा २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात दिसला नाही, मग तिथे कॅल्शियम साचलेले असो वा नसो. तेव्हा मान, खांदा, कंबर, टाच सगळ्यांना एकच पॅकेज लावणाऱ्याला विचारायलाच हवे, की बाबा, माझ्या दुखण्याचे नाव काय?

टाचदुखीचा स्वभावही असा, की बहुतेकांची ती वर्षभरात आपसूक ओसरते. माणूस सहा महिने सोसतो, कंटाळतो, मग यंत्रापाशी जातो. त्याच सुमारास दुखणे उतरणीला लागलेले असते. श्रेय अर्थातच शेवटच्या दवाखान्याला! यात फसवणूकच असते असे नाही, उपचार करणाऱ्याचाही मनापासून तसाच समज होतो. पण पैसे जातात ते घरखर्चातून, आणि 'यंत्रानेही गुण आला नाही' म्हणून खचतो तो रुग्ण.

माझे म्हणणे एवढेच, की आधी निदान व्हावे आणि यंत्र लागलेच तर एका वेळी एक. तीन-चार बैठकींनंतर फरक नसेल तर थांबण्याची मोकळीक असावी, दहांचे पैसे आगाऊ नकोत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गरोदरपण असेल, कर्करोग झालेला असेल, तर ते सांगितल्याशिवाय झोपायचेच नाही. लेसर चालू असताना डोळ्यांवर खास चष्मा हवा. आणि रात्री झोपेतून उठवणारी कळ, ताप किंवा मुंग्या असतील तर आधी डॉक्टरांकडेच.

व्यायामाला पाटी नसते, म्हणून तो मागे पडतो. पायरीच्या कडेवर चवडा टेकायचा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि एका पायावर टाच सावकाश वर-खाली करायची, दिवसाआड. डेन्मार्कमधल्या ४८ रुग्णांच्या एका चाचणीत तीन महिन्यांनी या व्यायामाने नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा जास्त आराम पडला होता. वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच झाले. टॉवेल घरातला कुठलाही चालतो.