कारण न सांगता कापलेले गुण

ऑनलाइन समूहात माणसाची पत आता आकड्यात मोजली जाते. तो आकडा कुणी दिला, का दिला, हे विचारायची सोय मात्र बहुतेक ठिकाणी नसते. हा विषय तांत्रिक म्हणून संगणकवाल्यांवर सोडला जातो. मला तो न्यायाचा विषय वाटतो.

स्टॅक ओव्हरफ्लोचे उदाहरण घेऊ. प्रोग्रॅमिंगच्या अडचणी सोडवणारे हे संकेतस्थळ २००८ साली सुरू झाले. तिथे आपले उत्तर कुणाला पसंत पडले तर १० गुण मिळतात, विचारणाऱ्याने ते स्वीकारले तर १५. नापसंती आली की २ वजा. १२५ गुण झाले की इतरांना नापसंती देता येते, ३,००० झाले की दुसऱ्याचा प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येते. म्हणजे हे गुण नुसती शाबासकी नाहीत, तो अधिकार आहे.

या पद्धतीने ज्ञानाचा मोठा साठा उभा राहिला, हे नाकारता येत नाही. दुसऱ्याच्या उत्तराला नापसंती देणाऱ्याचाही एक गुण कापायचा, हा नियम तर शहाणपणाचाच. तरीही २०१८ मध्ये खुद्द कंपनीने जाहीर कबूल केले की नवख्यांना, स्त्रियांना आणि गौरेतरांना इथे आपलेपणा वाटत नाही. पुढच्या वर्षी प्रश्नाच्या पसंतीचे गुण ५ वरून १० केले गेले. पण दुखणे आकड्यात नव्हते. प्रश्न बंद करताना निदान ठरावीक कारणांतून एक निवडावे लागते. नापसंती देताना तेवढेही बंधन नाही.

इथे मला हदीसशास्त्राची आठवण होते. पैगंबरांचे वचन सांगणारा रावी किती भरवशाचा, हे तपासायला आपल्या विद्वानांनी ‘अस्माउर्रिजाल’ हे स्वतंत्र शास्त्र उभारले. इब्न हजर अस्कलानी (मृत्यू १४४९) यांनी ‘तक़रीबुत्तहज़ीब’मध्ये रावींच्या १२ श्रेणी लावल्या. या शास्त्राच्या तीन गोष्टी आजही शिकण्यासारख्या आहेत.

पहिली, ज्याची विश्वासार्हता सिद्ध झाली आहे त्याच्यावरचा आक्षेप कारणासकट मांडला तरच ग्राह्य धरावा, असे विद्वानांनी बजावले. समकालीनांनी एकमेकांवर केलेली टीका जपून घ्यावी, असा इशारा इमाम ज़हबींनी दिला. कारण त्यात हेवादावा असू शकतो. दुसरी, सचोटी आणि अचूकता यांची तपासणी वेगवेगळी. माणूस सज्जन असूनही स्मरणशक्तीने कच्चा असू शकतो. तिसरी, म्हातारपणी एखाद्या रावीची स्मृती ढळली, तर त्याने आधी सांगितलेले आणि नंतर सांगितलेले वेगळे काढले जाई. पत एकदा कमावली की जन्मभर पुरते, असे त्यांनी मानले नाही.

ही व्यवस्था निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. पंथभेदाने तिथेही निकाल झुकले. पण निवाडा करणाऱ्याने कारण द्यावे, एवढी अपेक्षा तिने ठेवली होती.

यावर आक्षेप येईल की कारण द्यायला लावले तर सूडाच्या भीतीने कुणी खरे बोलणार नाही. भीती खोटी नाही. ईबेवर विक्रेते तक्रार करणाऱ्या ग्राहकालाच वाईट शेरा देऊन उट्टे काढत. म्हणून २००८ मध्ये विक्रेत्यांचा तो अधिकार काढून घ्यावा लागला. पण यावर उपाय आहे: नाव झाकावे, कारण झाकू नये. शिवाय अधिकार विषयापुरता असावा. स्टॅक ओव्हरफ्लोवर एखाद्या विषयात सुवर्णपदक मिळवणाऱ्याला त्याच विषयातला पुनरावृत्तीचा प्रश्न एकट्याने बंद करता येतो. हे तत्त्व इतर अधिकारांनाही लावता येईल. आणि वर्षानुवर्षे न वापरलेली पत हळूहळू उतरू द्यावी.

बीडचा किंवा मालेगावचा एखादा विद्यार्थी मोडक्यातोडक्या इंग्रजीत पहिला प्रश्न टाकतो. तासाभरात त्याच्या प्रश्नापुढे वजा तीन दिसते, खाली शब्दही नसतो. चूक प्रश्नात होती, भाषेत होती की विचारण्याच्या पद्धतीत, हे त्याला कळत नाही. सुधारायचे काय, हेच न सांगता शिक्षा देणाऱ्या व्यवस्थेला गुणवत्तेची राखण म्हणता येणार नाही. ती नुसती दारे लावून घेते.